‘वाहू’चा कमांडर मॉर्टन : नेतृत्वाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे?

प्रश्न (सिंधुयात्री)

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये लढलेल्या ‘वाहू’ या अमेरिकी पाणबुडीचा कमांडर डडली मॉर्टन याच्याविषयी मी सध्या वाचत आहे. ३१ डिसेंबर १९४२ रोजी त्याने पाणबुडीची सूत्रे हाती घेतली आणि ११ ऑक्टोबर १९४३ रोजी जपानच्या उत्तरेकडील ला पेरूझ सामुद्रधुनीत ती सर्व खलाशांसह बुडाली. एवढ्या अल्पकाळात बुडवलेली १९ जहाजे युद्धानंतरच्या अधिकृत छाननीतही त्याच्या नावावर कायम राहिली. मात्र २६ जानेवारी १९४३ रोजी ‘बुयो मारू’ हे जपानी वाहतूक जहाज बुडवल्यावर त्याने पाण्यातील होड्यांवर गोळीबार करवला आणि त्या पाण्यात युद्धकैदी असलेले हिंदी सैनिकही होते, असे वाचल्यापासून त्याच्या नेतृत्वाकडे कसे पाहावे हे मला ठरवता येत नाही. त्याचे युद्धकौशल्य आणि हे कृत्य वेगवेगळे तोलावे, की एकत्र? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ (जलदुर्ग)

मॉर्टनने पाणबुडीच्या आतली कामाची रीतच बदलली, हे आधी नोंदवायला हवे. त्या काळी अमेरिकी पाणबुड्यांवर हल्ल्याच्या वेळी कप्तान स्वतः पेरिस्कोपला डोळा लावून बसत असे. मॉर्टनने ते काम आपला कार्यकारी अधिकारी रिचर्ड ओकेन याच्याकडे दिले आणि स्वतः शत्रूची दिशा, वेग, अंतर व आपली स्थिती यांचे एकत्रित चित्र मनात ठेवून निर्णय घेण्यासाठी मोकळा राहिला. हाताखालच्या माणसाच्या नजरेवर आपला व सगळ्यांचा जीव सोपवण्याची ही तयारी मला त्याच्या धाडसापेक्षाही मोलाची वाटते.

अर्थात धाडसही कमी नव्हते. न्यू गिनीच्या किनाऱ्यावरील वेवाक बंदराचा उपयुक्त नकाशा पाणबुडीवर नव्हता. तेव्हा एका खलाशाने ऑस्ट्रेलियात विकत घेतलेल्या शालेय नकाशासंग्रहावरून मोठा नकाशा काढण्यात आला आणि २४ जानेवारीला ‘वाहू’ त्या बंदरात शिरली. तेथे ‘हारुसामे’ ही विनाशिका थेट अंगावर चालून येत असताना, आधीचे टॉर्पेडो (पाण्याखालून सोडायची स्फोटक अस्त्रे) चुकल्यानंतरही त्याने धीर न सोडता समोरून मारा केला. ती विनाशिका बुडाली नाही, जबर नुकसान होऊन किनाऱ्याला लावावी लागली. पण अतिसावध कप्तानांमुळे १९४२ मध्ये मरगळलेल्या पाणबुडी दलावर या बातमीचा झालेला परिणाम फार मोठा होता.

उत्तर २ (न्यायवेध)

वरील मुद्दे मला मान्य आहेत. तरीही ‘बुयो मारू’चा प्रसंग तळटीपेत ढकलता येणार नाही, आणि आपण तर तो मुळीच ढकलू नये. त्या जहाजावर १६व्या पंजाब रेजिमेंटचे सैनिक युद्धकैदी म्हणून नेले जात होते. जहाजावरील ११२६ जणांपैकी १९५ हिंदी आणि ८७ जपानी मरण पावले. हा आकडा स्फोट, बुडणे आणि गोळीबार या सर्वांचा मिळून आहे. जहाजावर कैदी असल्याचे मॉर्टनला ठाऊक नव्हते, त्यामुळे त्यांच्या मृत्यूचा हेतू त्याच्यावर लादणे अन्यायाचे होईल.

पण मूळ प्रश्न त्याने उरत नाही असे नव्हे. होड्यांतून आधी ‘वाहू’वर गोळीबार झाला आणि वाचलेले सैनिक पुन्हा न्यू गिनीच्या आघाडीवर गेले असते, असा बचाव केला जातो. पहिली बाब खरी धरली तर प्रतिकार समर्थनीय ठरतो. दुसरी मात्र मला पटत नाही, कारण जहाज बुडून असहाय झालेल्यांना १९०७ च्या हेग कराराने संरक्षण दिले होते आणि ते लोक पुढे लढू शकतील एवढ्यावर हे संरक्षण संपत नाही. मॉर्टनने अहवालात काहीही लपवले नाही, वरिष्ठांनी त्याला जाब विचारला नाही, उलट पदके दिली. दुसरीकडे ‘पेलेउस’ या ग्रीक जहाजातून वाचलेल्यांच्या तराफ्यांवर मार्च १९४४ मध्ये गोळीबार करवणारा जर्मन कमांडर हाइन्त्स-व्हिल्हेल्म एक (Eck) याच्यावर ब्रिटिश लष्करी न्यायालयात खटला चालला आणि ३० नोव्हेंबर १९४५ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. दोन्ही प्रसंगांची परिस्थिती सारखी नव्हती. तरी एकाची चौकशी झाली आणि दुसऱ्याची झालीच नाही, याचे कारण जय-पराजयात शोधावे लागते. म्हणून सिंधुयात्रींना माझे उत्तर असे की दोन्ही गोष्टी एकत्रच तोलाव्यात. ज्या अधिकारवाणीने त्याने खलाशांना वेवाकमध्ये नेले, त्याच अधिकारवाणीने होड्यांवरचा गोळीबारही झाला.

उत्तर ३ (ध्रुवमत्स्य)

न्यायवेध यांच्याशी सहमत आहे. वारशाबद्दल थोडी भर घालतो. ऑगस्ट १९४३ मध्ये जपानच्या समुद्रात सदोष टॉर्पेडोंमुळे एकामागून एक हल्ले फसले, तेव्हा मॉर्टन संतापून पर्ल हार्बरला परतला आणि पुन्हा त्याच समुद्रात जाण्याची परवानगी मिळवून निघाला. तेथूनच तो परतला नाही. सदोष शस्त्रांचा दोष त्याचा नव्हता, परंतु इतक्या लवकर तिथेच परत जाण्याच्या निर्णयात मला विवेकापेक्षा जिद्द अधिक दिसते.

त्याची पद्धत ज्याने सर्वांत जवळून पाहिली, तो ओकेन पुढे ‘टँग’ या पाणबुडीचा कमांडर झाला आणि अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक त्याला मिळाले. १९४४ च्या वसंतात ट्रुक बेटांजवळ, शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात, पाण्यात पडलेल्या २२ अमेरिकी वैमानिकांना ‘टँग’ने वर घेतले. मॉर्टनकडून घेतलेले नौकाचालनाचे धैर्य तेथे माणसे वाचवण्याच्या कामी आले, त्यामुळे त्याच्या वारशाची चर्चा या घटनेशिवाय अपुरी राहील असे मला वाटते.