संवेदनशील त्वचेसाठी सीबीडी असलेले क्रीम वापरावे का?

टेम्सकाठची

नमस्कार. मी गेली सहा वर्षे इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. माझी त्वचा पुण्यात असतानाही नाजूकच होती, पण इथे आल्यापासून तिचे नखरे फार वाढले आहेत. थंडी पडून घरातले हीटर सुरू झाले की गाल आणि नाकाच्या दोन्ही बाजू लाल होतात, चेहरा धुतल्यावर पाच मिनिटांत कातडी ओढल्यासारखी होते आणि पूर्वी कधीही त्रास न दिलेले मॉइश्चरायझरसुद्धा चुरचुरते. इथले पाणीही क्षारांचे आहे. किटलीच्या तळाशी आठवड्याभरात पांढरा थर साचतो. डॉक्टरांनी तपासले, इसब नाही, रोझेशिया (चेहऱ्यावर लाली टिकून राहण्याचा विकार) हाही नाही, त्वचा संवेदनशील आहे, सौम्य उत्पादने वापरा, एवढे सांगून त्यांनी मला घरी पाठवले.

गेल्या महिन्यात कार्यालयातल्या मैत्रिणीने सीबीडी (भांगेच्या झाडातला एक घटक) असलेल्या क्रीमची एक डबी दिली. डबी 50 मिलिलिटरची आहे, झाकणावर भांगेचे पान छापले आहे आणि खाली ‘300 मिलिग्रॅम, फुल स्पेक्ट्रम’ असे लिहिले आहे. पहिले चार दिवस खरोखर बरे वाटले, लाली कमी झाल्यासारखी दिसली. पाचव्या दिवसापासून मात्र जबड्याच्या कडेला बारीक पुरळ आले आणि तिथे खाज सुटली. आईला फोनवर हे सांगितले, तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘म्हणजे तू तोंडाला गांजा लावतेस?’

माझे प्रश्न तीन आहेत. सीबीडीमुळे त्वचा खरोखर शांत होते का? होत असेल, तर मला पुरळ कशाने आले? आणि डिसेंबरमध्ये दुबईमार्गे पुण्याला जाताना ही डबी बरोबर नेली तर चालेल का?

मिश्रणवाला

मी ठाण्यात सौंदर्यप्रसाधनांची मिश्रणे तयार करण्याचे काम करतो, त्यामुळे औषधाविषयी न बोलता फक्त डबीविषयी बोलतो.

आधी आईंच्या शंकेबद्दल. सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल, हा भांगेच्याच झाडातला एक घटक आहे, पण त्याने नशा चढत नाही. नशा चढते ती टीएचसी या दुसऱ्या घटकाने. त्यामुळे तुमच्या क्रीमला गांजा म्हणणे रसायनशास्त्राच्या दृष्टीने चूक आहे, पण झाड तेच आहे, एवढ्यापुरता आईंचा मुद्दा बरोबर आहे. जाता जाता सांगतो, मराठी जाहिरातींत ‘हेम्प’चे भाषांतर कधीकधी ‘अंबाडी’ असे केलेले दिसते. इंग्रजीत अंबाडीला ‘डेक्कन हेम्प’ असेही एक जुने नाव असल्याने हा घोटाळा होतो. अंबाडी ही जास्वंदीच्या कुळातली आहे. तिची भाजी खाऊन किंवा तिचे क्रीम लावून कोणालाही सीबीडी मिळणार नाही.

आता हिशेब करू. 50 मिलिलिटरमध्ये 300 मिलिग्रॅम म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 6 मिलिग्रॅम, साधारण 0.6 टक्के. डबीवर 300 हा आकडा मोठा दिसावा म्हणूनच तो मिलिग्रॅममध्ये छापतात, 0.6 टक्के असे छापले असते तर मैत्रिणीने कदाचित डबी घेतलीच नसती. शिवाय छापलेला आकडा खरा असेलच असे नाही. अमेरिकेत 2022 मध्ये त्वचेवर लावायच्या 105 सीबीडी उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्यावर प्रमाण छापले होते, त्यांतल्या जेमतेम चौथ्या हिश्श्यात ते बरोबर निघाले. बऱ्याच उत्पादनांत छापल्यापेक्षा जास्त सीबीडी होते, काहींत कमी, आणि सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या उत्पादनांत टीएचसीही सापडले.

माझा संशय मात्र सीबीडीवर नाहीच. डबी उलटी करून घटकांची यादी वाचा. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्याखालचे कसेही लिहिता येतात. फिनॉक्सिएथेनॉल हा परिरक्षक (क्रीम खराब होऊ न देणारा घटक) ब्रिटनमध्ये एक टक्क्याहून जास्त वापरता येत नाही, म्हणून तो यादीत जिथे येतो, तिथून पुढचे सारे घटक एक टक्का किंवा त्याहून कमी आहेत असे धरायला हरकत नाही. सीबीडी बहुधा तिथेच सापडेल. त्याच शेपटात लिमोनीन, लिनालूल, लॅव्हेंडर तेल यांपैकी काही आहे का, ते पाहा. ‘फुल स्पेक्ट्रम’ याचा अर्थ झाडाच्या अर्कातले बाकीचे घटकही राखले आहेत असा होतो, आणि त्यांत टर्पीन नावाचे सुगंधी घटक असतात. लिमोनीन आणि लिनालूल ही त्यांतलीच नावे. डबी उघडी राहिली, हवा लागली की हे घटक ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोपेरॉक्साइडमध्ये बदलतात आणि त्यांची ॲलर्जी अनेकांना होते. संवेदनशील त्वचेच्या ग्राहकाला फुल स्पेक्ट्रम विकणे म्हणजे शिंका येणाऱ्याला अत्तराचा फाया देणे आहे.

विदर्भातील त्वचावैद्य

वरील उत्तराशी मी सहमत आहे. पुराव्याची बाजू थोडी सविस्तर मांडते, कारण ‘सीबीडी दाह कमी करते’ हे वाक्य अर्धे खरे असल्यामुळेच जास्त फसवे ठरते.

हंगेरीतल्या डेब्रेत्सेन येथील संशोधकांनी 2014 मध्ये एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी तैलग्रंथींच्या पेशींना सीबीडी दिले, तेव्हा त्या पेशींतले तेल तयार होण्याचे प्रमाण घटले आणि दाह वाढवणारी रसायनेही कमी झाली. या एका प्रयोगावर मुरुमांच्या औषधाची मोठी आशा उभी राहिली. पुढे एका ऑस्ट्रेलियन कंपनीने 5 टक्क्यांपर्यंत सीबीडी असलेले द्रावण मुरुमांच्या रुग्णांवर तपासले, पण 2019 मध्ये जाहीर झालेल्या निकालात ते ठरवलेल्या मुख्य कसोटीला उतरले नाही. सीबीडी नसलेले, नुसते मूळ द्रावण लावणाऱ्यांचे मुरूमही बऱ्यापैकी कमी झाले होते, त्यामुळे दोन गटांत अपेक्षित फरक उरला नाही. तुमच्या पहिल्या चार दिवसांकडे मी याच दृष्टीने पाहते. कोरड्या, चिडलेल्या त्वचेवर कोणतेही जरा बरे स्निग्ध क्रीम लावले की चार दिवस आराम पडतोच. त्याचे श्रेय झाकणावरच्या पानाला जाते आणि काम आतल्या ग्लिसरीनने केलेले असते.

आणखी एक गोष्ट. पेशींतले तेल कमी होणे ही तेलकट त्वचेसाठी चांगली बातमी आहे. तुमची त्वचा तर ओढल्यासारखी होते. शिवाय सीबीडी हा अत्यंत तैलप्रिय रेणू आहे, तो त्वचेच्या वरच्या थरातच बराचसा अडकून राहतो. त्याला आत ढकलण्यासाठी अल्कोहोल किंवा प्रॉपिलीन ग्लायकोल वापरावे, तर नाजूक त्वचा नेमकी त्यांनीच चुरचुरते. खाज येणाऱ्या रुग्णांवर सीबीडीचे काही लहान प्रयोग झालेले आहेत आणि पुढे एखादे चांगले औषध निघेलही, परंतु बाजारातली आजची डबी म्हणजे ते औषध नव्हे.

आता मला तुम्हालाच एक प्रश्न विचारायचा आहे, आणि त्यात दोष देण्याचा हेतू नाही. पुण्यात असताना चेहऱ्यावर गोरेपणासाठी किंवा डागांसाठी औषधाच्या दुकानातून आणलेली एखादी ट्यूब बरेच महिने लावली होती का? माझ्याकडे ‘त्वचा संवेदनशील आहे’ म्हणून येणाऱ्या मुलींपैकी अनेकींच्या पर्समध्ये स्टिरॉइड असलेले क्रीम सापडते. ही क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम 2018 मध्ये कडक झाला, तरी ती मिळतात. ती बंद केली की चेहरा लाल होतो, उन्हात आणि शेगडीजवळ आग होते, काहीही लावले तरी झोंबते. तसे असेल तर उपचाराची दिशाच बदलते.

आणि पाण्याबद्दल: क्षारांचे पाणी आणि इसब यांचा संबंध दिसतो हे खरे, पण नळाला पाणी मऊ करणारे यंत्र बसवून काय होते, हे इंग्लंडमध्येच 336 मुलांवर तपासले गेले आणि 2011 मध्ये आलेला निकाल असा होता की यंत्रामुळे इसबात जास्तीचा फायदा झाला नाही. तेवढ्यासाठी पैसे घालू नका. पाणी कोमट ठेवा आणि चेहऱ्याला साबण लावू नका.

लीड्सची मावशी

डॉक्टरीणबाईंनी सांगितले ते मान्य आहे, तरी दुसरी बाजूही नोंदवते. मला हातांवर इसब आहे आणि मी दोन वर्षे सीबीडीचे मलम वापरले. मला पुरळ आले नाही, झोपताना खाज कमी वाटायची. पण मलम संपल्यावर त्याच कंपनीचे सीबीडी नसलेले मलम निम्म्याहून कमी किमतीत मिळाले, ते आणले आणि हातांना फरक कळला नाही. तेव्हापासून मी साधी व्हॅसलीन आणि ओटमीलचे क्रीम यांवर आले. ओट्सच्या बारीक पिठाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2003 मध्येच त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली आहे, पण त्याच्या डबीवर काही भांगेचे पान नसते, म्हणून कोणी भेट देत नाही! एक सावधगिरी मात्र बाळगा. इथे फार्मसीत ‘ॲक्विअस क्रीम’ स्वस्तात मिळते, त्यात बहुधा फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट असते. माझ्या भाचीला ते फार झोंबले. इथल्या औषध नियामकांनीही 2013 मध्ये त्याबद्दल सावध केले होते.

आता प्रवासाबद्दल, कारण या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही. डबी नेऊ नका. ब्रिटनमध्ये ती कायदेशीर असली, तरी त्याचे कारण इथल्या नियमांत आहे आणि ते नियम तुमच्याबरोबर विमानात बसत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत सीबीडी असलेल्या वस्तू जवळ बाळगणे बेकायदेशीर आहे, ब्रिटन सरकारचा प्रवासी सल्लाही हेच सांगतो, आणि तुम्ही तर दुबईला उतरून विमान बदलणार आहात. भारतात 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस, असे धरले आहे. बिया आणि पाने शेंड्यांपासून वेगळी असतील तर ती गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. तुमच्या डबीतला अर्क पानांचा की फुलांचा, हे विमानतळावर रात्री दोन वाजता कोणाला आणि कसे पटवून देणार?

पुण्यात ‘हेम्प’ लिहिलेले क्रीम दुकानात दिसेल, तेव्हा गोंधळू नका. ते बहुतेक वेळा बियांच्या तेलाचे असते. बियांचे तेल कोरड्या त्वचेला चांगले, पण त्यात सीबीडी जवळजवळ नसतेच.

टेम्सकाठची

सर्वांचे मनापासून आभार. डबी उलटी करून यादी वाचली. भांगेच्या बियांचे तेल चौथ्या क्रमांकावर आहे, फिनॉक्सिएथेनॉल अकराव्या, कॅनाबिडिऑल त्यानंतर दोन घटक सोडून, आणि शेवटच्या ओळीत लॅव्हेंडर तेल, लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल अशी सगळी वरात आहे. झाकण उघडल्यावर येणाऱ्या ज्या वासाने मला प्रसन्न वाटत होते, तो हाच.

डॉक्टर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला थोडा वेळ लागला, कारण मी ती गोष्ट विसरूनच गेले होते. लग्नाच्या आधी, 2017 मध्ये, डाग जावेत म्हणून ओळखीच्या पार्लरवालीने सांगितलेली एक ट्यूब मी सात-आठ महिने रोज रात्री लावत होते. नाव आठवत नाही, पण चेहरा पंधरा दिवसांत उजळला होता आणि बंद केल्यावर लाल झाला होता, हे पक्के आठवते. इथल्या डॉक्टरांना मी हे कधी सांगितलेच नाही, त्यांनीही विचारले नाही. मंगळवारी पुन्हा वेळ घेतली आहे.

तोपर्यंत बिनवासाचे, सिरामाइड (त्वचेतच असणारे, ओलावा टिकवणारे स्निग्ध घटक) असलेले एक साधे क्रीम आणले आहे. ते चेहऱ्याला लगेच लावू की आधी हातावर तपासून पाहू?

विदर्भातील त्वचावैद्य

आधी हातावर. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा लावा आणि हे किमान सात दिवस, जमल्यास दहा दिवस करा. एका रात्रीत काही झाले नाही म्हणून थांबू नका. तुमचे पुरळही पाचव्या दिवशी आले होते, ॲलर्जी अशीच सावकाश उगवते. हातावर काही झाले नाही, तर पुढचे चार दिवस कानामागे लावून पाहा आणि मगच गालांवर. पुरळ पूर्ण जाईपर्यंत चेहऱ्याला व्हॅसलीनचा पातळ हात पुरे. मंगळवारी जाताना सीबीडीची डबी टाकून देऊ नका, ती डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या. ॲलर्जीची पॅच टेस्ट (संशयित घटक पाठीवर चिकटवून करायची तपासणी) करायची ठरली, तर त्यांना ती यादी लागेल.

टेम्सकाठची

आज हातावर चौथा दिवस, अजून काही नाही. आईला सांगितले की गांजा बंद केला. ती म्हणाली, ‘आणि ती पार्लरवाली अजून तिथेच बसते, तिला मी सांगून येऊ का?’