हेरकथा वाचणाऱ्यांना ‘पानं उलटणारे’ म्हणणाऱ्यांसाठी

धरमपेठी

गेल्या आठवड्यात अक्षरव्रती यांनी इथे लिहिलं की लष्करी हेरकथांच्या मालिका वाचणं हे वाचनच नव्हे, नुसतं पानं उलटणं आहे. एका पुस्तकाचा ऐवज दहा भागांत विकायची दुकानदारी आहे, आणि असलं वाचून लोकांना युद्ध पोरखेळ वाटायला लागतं. खाली ‘अगदी मनातलं बोललात’वाल्यांची रांग. गप्प बसायचं ठरवलं होतं, पण आता नाही बसवत.

पानं उलटायला लावणं काय फुकट होतं का? तीन-चार पानांचं प्रकरण. वर एकच ओळ, ‘रावळपिंडी, पहाटे ०२४०’. मेजर कुंपणाखाली हात घालतो आणि तिथेच प्रकरण संपतं. पुढचं उघडतं दिल्लीत. एक सहसचिव चहात बिस्कीट बुडवतोय आणि कुंपणात वीज सोडलेली आहे हे फक्त त्याला ठाऊक आहे. तो फोन उचलतो की आधी बिस्कीट संपवतो? एवढ्यावर लेखक आपल्याला दोन पानं लटकवतो. करून बघा कधी.

मालिकेत तर आणखी पंचाईत. सातवा भाग दुकानात दिसत असताना तिसऱ्यात मेजर मरणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग चांगला लेखक धास्ती मेजरच्या आजूबाजूला पेरतो. वाटाड्या, ड्रायव्हर, वायरलेसवाला. यातला कोण घरी परतणार हे शेवटपर्यंत कळत नाही.

आणि ‘असं काही प्रत्यक्षात घडत नसतं’ म्हणणाऱ्यांसाठी. १९६५ साली सीआयए आणि आपली आयबी यांनी मिळून चीनच्या अणुकार्यक्रमावर नजर ठेवायला प्लुटोनियमवर चालणारं यंत्र नंदादेवीवर चढवलं. हवामान बिघडलं, यंत्र शिखराखाली ठेवून मंडळी उतरली. पुढच्या वर्षी वर गेले तर यंत्र गायब. आजवर सापडलेलं नाही. हे कादंबरीत लिहिलं असतं तर अक्षरव्रतीच म्हणाले असते, ‘काहीही!’

अक्षरव्रती

नंदादेवीचं उदाहरण दिल्याबद्दल आभार, ते माझ्याच बाजूचं आहे. खऱ्या गोष्टीत माणसं शोधतात, सापडत नाही, परत येतात. तुमच्या मालिकेत मेजरसाहेब ते यंत्र एका खांद्यावर घेऊन, दुसऱ्या हाताने बंदूक चालवत उतरतील. फरक कळतोय का?

मी शिकवणीत मुलांना मराठी शिकवतो. एकाने ‘माझा आवडता सैनिक’ या निबंधात लिहिलं, सायलेन्सर लावला की गोळीचा आवाजच येत नाही. गोळी आवाजाच्या वेगापुढे जात असेल तर तिचा कडाका कुठला नळकांडं लावून थांबत नाही. त्याच निबंधात दातांनी पिन उपटून ग्रेनेड फेकलेला. मी म्हटलं, आधी तुझा दात येईल हातात. त्यावर वर्ग हसला आणि तो मुलगा म्हणाला, “सर, पुस्तकात आहे.” आता बोला.

तर्रीबाज

काहून एवढे तापून राहिले सर? तुमच्या त्या पोट्ट्यानं निबंध तं लिवला ना! नाहीतर आजकाल कोन लिवते.

माझी गोष्ट ऐका. मे महिना, इतवारीत आमचं दुकान, दुपारी गिऱ्हाईक नाही. बाहेर पंचेचाळीसच्या वर. कूलरच्या टाकीत पाणी टाकाचं काम माझ्याकडं. एक दिवस रद्दीत असंच एक हेरकथेचं पुस्तक आलं, मागचं कव्हर नाही. वाचत बसलो तं टाकी कोरडी झाली, मोटर गरम होऊन वास मारायले लागली, मले पत्ता नाही. बुढ्यानं असा हाणला का बस. पन त्या दिवसापासून मी वाचतो. शाळेतल्या धड्यानं मले वाचाले नाही लावलं.

आन ग्रेनेडचं म्हनाल तं, जुना छत्तीस नंबर गेला. नवा मल्टिमोड ग्रेनेड आपल्या नागपुरातच बनते, २०२१ मधी इथूनच फौजेले देला. लेखकाले कोनी तरी सांगा ना, पुढच्या भागात टाक म्हना.

निवृत्त सिग्नलवाला (कामठी रोड)

अक्षरव्रती सर आणि तर्रीबाज, तुमचं चालू द्या. मला धरमपेठी साहेबांशी बोलायचं आहे. ‘वाटाड्या, ड्रायव्हर, वायरलेसवाला’ असं एका दमात लिहून मोकळे झालात. म्हणजे मेजरला वाचवायचं म्हणून आम्हाला मारायचं, आणि ती म्हणे कारागिरी!

मी ही पुस्तकं वाचलेली आहेत. नातू आणतो. प्रत्येकात वायरलेसवाला असतो, त्याला एक गमतीदार सवय असते, घरी नुकतीच मुलगी झालेली असते. मुलीचा उल्लेख आला की मी समजतो, गेला हा. पुढच्या वीस पानांत जातोच.

जबलपूरला ट्रेनिंग झालं, पुढे बरीच वर्षं हेडफोन कानाला लावून काढली. पलीकडचा ऑपरेटर मोर्स, म्हणजे टिंब आणि डॅशच्या खुणांतला संदेश, पाठवतो तेव्हा त्याचा हात ओळखू येतो. एकाची डॅश जराशी ओढलेली असायची आणि आकडे पाठवताना तो घाई करायचा. आम्ही त्याला ‘मामा’ म्हणायचो. तोंड कधी बघितलं नाही, पण मामाला सर्दी झाली तरी कळेल अशी स्थिती. एका रात्री त्याच वेळेला, त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसराच हात आला. सरळ, साफ, घाई नाही. मी रजिस्टरमध्ये नोंद केली, वर कळवलं, ‘माणूस बदलला’. वरच्यांनी त्यावरून काय ओळखायचं ते ओळखलं असेल. आम्हाला कोणी सांगायला आलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

ही हेरगिरी. एकाही पुस्तकात दाखवा.

मिहानवाला

काका, मनापासून आदर आहे, पण वाईट वाटून घेऊ नका. रात्रभर हेडफोन लावून बसलेला माणूस आणि शेवटी ‘माणूस बदलला’. चारशे पानं कोण वाचेल? मी खापरीपर्यंत मेट्रोत वाचतो. मला त्या वेळात बॉसचं तोंड विसरायचं असतं. परवा सीताबर्डीला गाडी बदलायची ती राहून गेली, प्रजापतीनगरकडे निघालो होतो. रजिस्टरच्या नोंदींनी हे होणार आहे का?

निवृत्त सिग्नलवाला (कामठी रोड)

वाईट वाटून घेऊ नका म्हणून माणूस वाईट वाटेल असंच बोलतो.

१९९९. कारगिल. पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुशर्रफ बीजिंगमध्ये, त्यांचे लेफ्टनंट जनरल अझीझ रावळपिंडीत, दोघे फोनवर बोलले. ते बोलणं आपल्या लोकांनी टिपलं आणि ११ जूनला जगासमोर ठेवलं. ‘आमचा काही संबंध नाही, ते मुजाहिदीन आहेत’ हे सोंग तिथे उघडं पडलं. सांगा, त्यात कुंपणाखाली हात घालणारा तुमचा मेजर कुठे होता? कोणीतरी कुठेतरी कान लावून बसलं होतं. त्याला मुलगी झाली होती की नाही ते मला माहीत नाही. पण तो विसाव्या पानावर मेला नाही एवढं नक्की.

धरमपेठी

सुभेदारसाहेब, कारगिलचा मुद्दा मान्य. पण तुम्ही हवालदार-सुभेदारांची बाजू मांडता मांडता कादंबरीचाच खटला चालवायला लागलात. मला साधं सांगा, लढाईच्या कुठल्या गोष्टीत सेनापतीच्या नावावर सैनिक खपत नाहीत? पोवाड्यातसुद्धा नाव सरदाराचंच असतं.

निवृत्त सिग्नलवाला (कामठी रोड)

मी सुभेदार नाही, हवालदार म्हणूनच पेन्शनवर आलो. बघा, तुम्हीसुद्धा पात्राला परस्पर बढती दिलीत.

तर्रीबाज

😂😂 आता कसं! काका, तुमी खुद लिवा ना बाप्पा. ‘मामाचा हात’. मी पहिला गिऱ्हाईक.

अक्षरव्रती

चर्चा ‘वायरलेसवाल्याला न्याय द्या’ आंदोलनाकडे गेली आहे हे नम्रपणे नोंदवतो. तरी हवालदारसाहेबांनी चार परिच्छेदांत जे लिहिलं ते त्या दहा भागांपेक्षा सरस आहे. माझं म्हणणं वेगळं काय होतं?

मिहानवाला

सर, तुम्ही ते दहा भाग वाचलेत? की निबंध तपासूनच?

अक्षरव्रती

दोन वाचले. दुसरा निम्मा. नासकी भाजी आहे हे कळायला पातेलं संपवावं लागत नाही.

महालची माहेरवाशीण

सगळ्या दादा-काकांचं झालं असेल तर बोलते. या पुस्तकांत बाई एकतर अधिकाऱ्याला जाळ्यात ओढणारी, नाहीतर तिरंगा हातात घेऊन उभी राहणारी विधवा. तिसरी बाई सापडली तर कळवा. हे एक.

दुसरं, ज्या वाचनालयात मी नाव घातलंय तिथे या मालिकेचा चौथा भाग कायम ‘बाहेर’ असतो आणि पाचव्याचं शेवटचं पान कोणीतरी फाडलंय. विचारलं तर काउंटरवरचे म्हणतात, “मॅडम, शेवटी तो वाचतो.” अहो, मग मी वर्गणी कशाला भरते!

आता मूळ मुद्दा. माझा भाऊ फौजेत होता, तेव्हा त्याची पोस्टिंग अशा जागी होती की फोन आठवड्यानं यायचा, कधी तोही नाही. आमच्या आईने तोपर्यंत पोथी आणि वर्तमानपत्र यापलीकडे काही वाचलं नव्हतं. ती वहिनीच्या कपाटातली ही पुस्तकं वाचायला लागली. भाजी निवडताना मांडीवर पुस्तक, पान मुडपू नये म्हणून मध्ये मेथीची काडी. मी हसायची तिला. म्हटलं, आई, एवढी गोळीबाराची पुस्तकं, तुला धास्ती नाही वाटत? ती म्हणाली, “यातला पोरगा परत येतो हे आधीच माहीत असते ना.”

धरमपेठी दादा ज्याला पंचाईत म्हणतात, त्यासाठीच ती वाचत होती. भाऊ सुखरूप आला. आईने मालिका मध्येच सोडली, पुन्हा हात नाही लावला. त्यामुळे अक्षरव्रती सर, नासकी भाजी म्हणताना जरा बेतानं.

अक्षरव्रती

ताई, तुमच्या आईंसमोर मी काय बोलणार? भाजीचा शब्द मागे घेतो. दुकानदारीचा घेत नाही. आणि सायलेन्सरचा तर मुळीच नाही.

धरमपेठी

हुश्श! एवढं तरी मिळालं. सर, बाकीचं तुमच्या शिकवणीच्या फीमध्ये वळतं करून घ्या.

हवालदारसाहेब, चूक झाली. मालिकेतला सहावा भाग तुमच्या घरी पाठवतो. त्यात वायरलेसवाला जगतो, आणि शेवट त्याच्याच एका नोंदीवर फिरतो. वाचा आणि मग शिव्या घाला.

निवृत्त सिग्नलवाला (कामठी रोड)

पुस्तक मिळालं. काल रात्री घेतलं. जगतो म्हणता तो वायरलेसवाला सेट पाठीवर घेऊन सतराशे मीटर चढतो, बर्फात, आणि रात्रभर बोलतो. बॅटरी कोणाकडे आहे? थंडीत बॅटरी लवकर बसते. जादा बॅटऱ्या वाहणारा दुसरा माणूस लागतो. तो माणूस या पुस्तकात जन्मालाच आलेला नाही. आता बॅटरीवाल्यासाठी कोणी भांडायचं?

पहाटेपर्यंत वाचत होतो, ते वेगळं. बायको रागावली आहे.

तर्रीबाज

काका, वाचून झालं का मले द्या. कामठी रोडवरून घेऊन जातो, फक्त काकूले सांगून ठेवा.