मदत हवी आहे: जुन्या रॉकेटच्या टप्प्याची वेळ ॲपशी जुळत नाही (कोल्हापूर)

मंडळी,

उपग्रह वर सोडून झाल्यावर कक्षेतच राहिलेले रॉकेटचे रिकामे टप्पे बघायचा नाद लागलाय. शहरात दिव्यांमुळे काही दिसत नाही, म्हणून मसाई पठार गाठतो. सध्या झेनित रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यांपैकी एकाच्या मागे आहे. अंतराळातल्या वस्तूंच्या कॅटलॉगात 'एसएल-१६ आर/बी' (आर/बी म्हणजे रॉकेट बॉडी) नावाचे डझनाहून जास्त आहेत. आठ-नऊ टनांचं रिकामं पिंप, साधारण ८४० किमी उंचीवर, कक्षेचा विषुववृत्ताशी कल ७१ अंश. नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

अडचण अशी. माझा टप्पा उत्तरेकडून ब्रह्महृदयाजवळून येतो, मृगाच्या बाजूने अगस्तीकडे उतरतो. वाट उपग्रह कधी-कुठे दिसेल ते सांगणाऱ्या ॲपमधल्यासारखीच, पण सगळ्यात जास्त चमकतो ती वेळ ॲपच्या 'सर्वोच्च बिंदू'च्या वेळेपेक्षा वीसेक सेकंद पुढे-मागे. शिवाय दोन चमकांमधलं अंतर एकाच फेरीत बदलतं. मग त्याच्या स्वतःभोवती फिरण्याचा वेग काढायचा कसा?

घरी वेगळीच काळजी. २ एप्रिल २०२२ ला, ऐन पाडव्याला, सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला चिनी रॉकेटची मोठी कडी पडली होती, ते आईच्या डोक्यातून जात नाही. "तू बघतोस ते पडायचं नाही ना रे?"

निरीक्षक_सांगली: आईंना सांगा, ८४० किमीवर हवा इतकी विरळ की शतकभर तरी ते खाली येत नाही. धोका आहे तो वरच, एकमेकांवर आदळण्याचा.

वेळेचं म्हणाल तर सर्वोच्च बिंदू आणि सर्वात उजळ क्षण या दोन वेगळ्या गोष्टी. गडगडणारं नळकांडं सूर्यप्रकाश तुमच्याकडे कधी फेकेल ते त्याच्या बाजूवर ठरतं. चमक सोडा, ताऱ्यांवरून वेळ धरा. मृगाच्या बाणाची रेघ तो कधी ओलांडतो तेवढंच नोंदवा. माथ्यावर तो सेकंदाला अर्धा अंश सरकतो, म्हणजे चंद्राच्या रुंदीएवढा. वीस सेकंद म्हणजे दहा अंश, तेवढी चूक ताऱ्यांत लगेच कळते.

कक्षावेडा: तरीही फरक राहिला तर ॲपमधलं ठिकाण बघा. पुणे धरलं असेल तर उत्तर-दक्षिण फेरीत तीसेक सेकंद इकडेतिकडे होतात. टीएलई (ॲप ज्यावरून गणित करतं ते कक्षेचे आकडे) जुना असण्याची शंका मला कमी वाटते. त्या उंचीवर हवेचा अडथळा नगण्य, आठवड्याभराच्या जुन्या आकड्यांनीही एवढं बिघडत नाही. खालच्या कक्षेतल्या टप्प्यांचं तसं नाही, तिथे दोन दिवसांत गणित कोलमडतं.

धागाकर्ता: ठिकाण कोल्हापूरच आहे. ताऱ्यांवरून करून बघतो. पण टप्प्यावरची नजर काढून घड्याळाकडे बघायचं कसं?

निरीक्षक_सांगली: बघायचंच नाही, भावा. फोनवर रेकॉर्डिंग लावा, सुरुवातीला नेटवरची अचूक वेळ मोठ्यानं वाचा, मग "ओलांडला", "चमक", "चमक" म्हणत राहा. घरी येऊन ऐका. चमकांमधलं अंतर बदलतं कारण फेरीभर तुमची बघायची दिशा बदलत जाते. म्हणून दहा-पंधरा चमकांचा एकूण वेळ घेऊन मधल्या अंतरांच्या संख्येने भागा. लांबट नळकांडं स्वतःभोवतीच्या एका गिरकीत दोनदा चमकू शकतं, तेव्हा आलेला आकडा दुप्पट करून पाहा. एकाआड एक चमक मंद असेल तर तेच चाललंय.