तोंडाची दुर्गंधी: पोटाआधी जीभ पाहा
“तोंडाला वास येतो म्हणजे पोट साफ नाही, सोलकढी घ्या” हा आपला सल्ला रत्नागिरीकडे आमच्या घरीही पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. सोलकढी अवश्य घ्यावी, परंतु या दुर्गंधीचे मूळ बहुतेक वेळा तोंडातच असते. जिभेच्या मागच्या भागावरील थरात आणि हिरड्यांच्या फटींत प्राणवायूविना वाढणारे जिवाणू अन्नकणांतील व लाळेतील प्रथिनांचे विघटन करतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकयुक्त वायू सुटतात. झोपेत लाळ कमी होते, म्हणून सकाळी हा वास अधिक जाणवतो. सुक्या बांगड्याबरोबर खाल्लेल्या लसणीची गोष्ट मात्र वेगळी आहे: तिच्यातील काही घटक रक्तातून फुप्फुसांत पोहोचून श्वासावाटे बाहेर पडत असल्याने कितीही चुळा भरल्या तरी तो वास काही तास टिकतोच. मिश्रीने दात स्वच्छ होतात हा आपल्याकडील समज तर घातकच आहे, कारण तंबाखूमुळे हिरड्यांचे आजार बळावतात. दात घासताना जीभ आणि दातांच्या फटीही रोज साफ कराव्यात. तरीही दुर्गंधी राहिली, तर बडीशेप चघळत बसण्यापेक्षा दंतवैद्यांकडून हिरड्या तपासून घ्याव्यात.