समीकरण एक, चल दोन, तरी उत्तरसूचीत उकल एकच कशी?

शंकेखोर:
१७क्ष + १२य = २०० हे समीकरण देऊन क्ष आणि य यांच्या किमती काढण्यास सांगणारा प्रश्न एका सरावसंचात आला आहे. चल दोन असतील तर समीकरणेही दोन लागतात, असे शाळेपासून घोकत आलो आहे. दुसरे समीकरण दिलेलेच नसल्यामुळे मी याच समीकरणातून य = (२०० − १७क्ष)/१२ असे काढले आणि ती किंमत पुन्हा त्यातच ठेवली; तर क्ष नाहीसा झाला आणि २०० = २०० एवढेच हाती उरले. आकडेमोड तीनदा तपासली, तरी चूक सापडत नाही. उत्तरसूचीत मात्र क्ष = ४, य = ११ असे छापले आहे. ६८ + १३२ = २००, म्हणजे ताळा जुळतो; पण या किमती आल्या कुठून?

आलेखवही:
आपली आकडेमोड बरोबरच आहे. ज्या समीकरणातून य काढला त्यातच तो परत ठेवला, म्हणजे समीकरणाने आपल्याला जे सांगितले तेच आपण त्याला ऐकवले. त्यातून नवी माहिती निघणार नाही. ३४क्ष + २४य = ४०० हे ‘दुसरे’ समीकरण म्हणून घेतले, तरी हेच होईल, कारण ती पहिल्याचीच दुप्पट आहे. क्ष ला कोणतीही वास्तव किंमत द्या, य ची जुळणारी किंमत मिळतेच: क्ष = ० असेल तर य = ५०/३, क्ष = १ असेल तर य = ६१/४. आलेखावर ही एक सरळ रेषा आहे आणि तिच्यावरचा प्रत्येक बिंदू ही एक उकल आहे. त्यामुळे माझ्या मते प्रश्नच अपुरा आहे आणि सूचीतील जोडी ही अनंत उकलींपैकी एक आहे.

कुटून_बारीक:
रेषेबद्दलचे म्हणणे मान्य आहे, पण प्रश्न अपुरा ठरवण्याची घाई नको. अशा प्रश्नांच्या आधी बहुधा ‘क्ष आणि य धन पूर्णांक आहेत’ अशी अट दिलेली असते आणि दुसऱ्या समीकरणाचे काम तीच करते. ती धरून पुढे जाऊ.

लहान सहगुणकाने भागल्यास य = १६ − क्ष + (८ − ५क्ष)/१२. य पूर्णांक हवा, म्हणून शेवटचा अपूर्णांकही पूर्णांक असला पाहिजे; त्याला प म्हणू. मग ५क्ष = ८ − १२प, म्हणजेच क्ष = १ − २प + (३ − २प)/५. या नव्या अपूर्णांकाला फ म्हटले की २प = ३ − ५फ उरते. येथे फ विषम हवा, एवढे नजरेनेच दिसते. फ = १ घेतल्यास प = −१, त्यावरून क्ष = १ + २ + १ = ४ आणि य = १६ − ४ − १ = ११.

सहगुणक १७, १२, ५, २ असे उतरत गेले, हे पाहण्यासारखे आहे. मसावि काढताना भागाकाराने हेच आकडे येतात. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास मांडलेल्या कुट्टक रीतीचा गाभाही हाच आहे. कुटून कुटून सहगुणक बारीक करायचे, म्हणून कुट्टक. इतके चपखल नाव गणितात क्वचितच भेटते.

एक जोडी मिळाली की बाकीच्या पूर्णांक जोड्या आपोआप येतात: क्ष १२ ने वाढवला की य १७ ने घटवायचा, कारण १७ × १२ इतकी भर आणि तितकीच घट एकमेकांना खाऊन टाकतात. (४, ११) नंतर (१६, −६) येते आणि उलट दिशेला (−८, २८). दोन्हींत एक किंमत ऋण आहे, म्हणून धन पूर्णांकांची जोडी एकच उरते.

शंकेखोर:
आपला अंदाज खरा निघाला. संचाच्या अगदी वर ‘सर्व प्रश्नांत क्ष, य धन पूर्णांक’ असे छापले आहे आणि मी ते वाचलेच नव्हते. पण आता पुढच्याच प्रश्नात अडलो आहे: ६क्ष + ९य = ५०. क्ष ला १ पासून ८ पर्यंत सगळ्या किमती देऊन पाहिल्या, तरी य पूर्णांक येत नाही.

कुटून_बारीक:
येणारही नाही. ६ आणि ९ यांचा मसावि ३ आहे, त्यामुळे डावी बाजू नेहमी ३ ने भागली जाईल आणि ५० ला तर ३ ने भाग जात नाही. कुटायला बसण्याआधी मसावि उजव्या बाजूला भागतो का, हे पाहून घेतले तर श्रम वाचतात. याच जागी ५१ असते तर २क्ष + ३य = १७ उरले असते आणि (१, ५), (४, ३), (७, १) अशा तीन जोड्या मिळाल्या असत्या; म्हणजे अट पाळूनही उकल एकच येईल, असे धरून चालू नका.