पहिले बाळंतपण माहेरी : मग बाळाच्या बाबाने काय करायचे?

सोनचाफा :
सातव्या महिन्यात ओटी भरून मुलीला माहेरी न्यायचे आणि बाळ तीन महिन्यांचे झाले की परत पाठवायचे, ही पद्धत आपल्याकडे अजूनही फारसा विचार न करता पाळली जाते. ती ज्या काळात रुजली त्या काळात शहाणपणाचीच होती, कारण सासरी राहिलेल्या सुनेला चुलीपासून सुटका नव्हती आणि माहेरी गेल्याखेरीज पाठ टेकायला मिळत नव्हती. पण ज्या घरात मुळात नवरा-बायको दोघेच राहतात, त्या घरातल्या बाईला ही पद्धत नेमकी कोणापासून वाचवते?

माझे मत असे की बाळाने दवाखान्यातून थेट स्वतःच्या घरी यावे आणि मदतीला आजीने तिथे यावे. एरवी होते ते असे : बाबा शनिवारच्या गाडीने येतो, बाळाला मांडीवर घेऊन फोटो काढतो, जावई म्हणून पाटावर बसतो आणि रविवारी रात्री परततो. तीन महिन्यांनी बाळ घरी येते तेव्हा आई तरबेज झालेली असते आणि बाबाला लंगोटाची गाठ कुठे मारायची हेही ठाऊक नसते. ‘दे इकडे, तुला नाही जमायचे’ हे वाक्य पहिल्याच दिवशी ऐकू येते आणि पुढे मूल शाळेत जाईपर्यंत ऐकू येत राहते.

रजेचा हिशेबही पाहावा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतीची पगारी रजा २६ आठवडे झाली. त्यातले ४ आठवडे प्रसूतीपूर्वी गेले आणि १३ माहेरी गेले, तर स्वतःच्या घरात तिघांची घडी बसवायला ९ आठवडे उरतात आणि लगेच बाई कामावर रुजू होते.

अळीव :
साफ असहमत. ‘आजीने तिथे यावे’ हे लिहायला सोपे आहे. सासू-सासरे एकत्र राहत असतील, तर माझी आई त्या घरात विहीणबाई म्हणून येते. तिला रव्याचा डबा कुठे आहे हेसुद्धा विचारून घ्यावे लागते, आणि तिने केलेली खीर पातळ की घट्ट यावर दोन्ही बाजूंनी मते येतात. बाळंतिणीची अवस्था काय असते हे आपण सोयीस्करपणे विसरतो. टाके ओढत असतात, दूध उतरताना छाती ठणकत असते आणि सिझेरियन असेल तर कुशीवर वळायलाही हात धरावा लागतो. माहेरी मी पदराची फिकीर न करता ओसरीत बसून पाजले. सासरी दिवाणखान्यात सासरे असताना दर दोन तासांनी खोलीचे दार लावून घ्यावे लागले असते.

शिवाय ज्या बाबासाठी हा सारा खटाटोप, तो असतो कुठे? खासगी नोकरीत वडिलांना बाळंतपणाची रजा देण्याची कायद्याची सक्ती नाही. सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला परतणाऱ्या माणसाजवळ राहण्यासाठी मी हक्काची विश्रांती का सोडावी?

त्रिकोणी_लंगोट :
मी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. आम्हाला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती प्रसूतीच्या १५ दिवस आधीपासून जन्मानंतरच्या ६ महिन्यांपर्यंत घेता येते. बहुतेक सहकारी ती जन्मादिवशीच सुरू करतात, म्हणजे घरात दोन आज्या, मावशी आणि मालिशवाली असताना हे गृहस्थ मिठाई वाटत हिंडतात. मी ती आजी गावी परतल्या दिवसापासून घेतली आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी तसेच करावे असे आग्रहाने सांगेन.

अळीवताईंना एवढेच म्हणायचे आहे की दिवसा नसलेला माणूस रात्री असतो. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पिते, त्यातल्या निदान तीन-चार वेळा रात्रीच्या असतात, आणि अंगावर पाजणे सोडले तर बाकीचे प्रत्येक काम पुरुषाला जमते. बाळाला खांद्यावर आडवे न टाकता उभे धरायचे, मानेला तळहाताचा आधार द्यायचा, पाठीवरून खालून वर हात फिरवायचा आणि ढेकर येईपर्यंत घाई करायची नाही. नाहीतर खाली ठेवताच गुळणी येते, दुपटे बदलावे लागते आणि झोपलेली बायको पुन्हा उठते. ही कला शनिवार-रविवारच्या पाहुण्याला येत नाही, म्हणून मूळ धाग्याशी मी सहमत आहे.

निवृत्त_आजी :
दोन्ही पक्षांनी आजीला गृहीत धरले आहे, तिला कोणी विचारलेले दिसत नाही. माझे गुडघे चार मजले चढत नाहीत, यजमानांना दोन वेळा इन्सुलिन द्यावे लागते आणि ते लेकीच्या घरी दोन दिवसांपलीकडे राहायला तयार नसतात. मी माझे घर सोडून सवा महिना कशी येऊ? मुलगी माझ्याकडे आली तर माझा ओटा, माझी कामवाली आणि गल्लीच्या टोकाला असलेली न्हाऊ घालणारी बाई, सगळे हाताशी असते.

मात्र माझ्याकडे आली म्हणजे सगळे जुनेच चालेल, असेही नाही. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा हे मी करणारच. पण बाळाच्या नाका-कानांत तेल सोडू देत नाही, काजळ घालू देत नाही आणि गुटीत मध चाटवू देत नाही, कारण वर्षाच्या आत मध धोक्याचा असतो हे आता डॉक्टर बजावून सांगतात. धुरीवरून माझे आणि न्हाऊ घालणाऱ्या बाईचे वाजले, तरी कोंडलेल्या खोलीत एवढ्याशा जिवाला धूर नको म्हणजे नको.

पांढरा_अॅप्रन :
मी परिचारिका आहे, म्हणून या वादात कोणी न काढलेला मुद्दा मांडते. गावात बाळ घरी आले की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, वजन करतात, बाळ नीट ओढते का आणि अंग गार पडते का ते पाहतात. शहरातल्या अनेक गृहसंकुलांत तिसऱ्या दिवशी दार वाजवणारे कोणी नसते. पहिल्या दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते, हे माहीत नसलेले तरुण जोडपे घाबरून वरचे दूध सुरू करते. आईच्या मनाचेही तेच. पहिल्या आठवड्यातले उगाच येणारे रडू बहुधा आपोआप ओसरते. पण दोन आठवडे उलटूनही ती उदास असेल, बाळ झोपलेले असतानाही तिला झोप येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवे, आणि हे ओळखायला घरात अनुभवी डोळे लागतात. त्यामुळे माझा कौल माहेराला.

सोनचाफा :
आजींचा मुद्दा रास्त आहे आणि सासू-सासरे एकत्र असतील तर गणित बदलते, हेही खरे. परंतु पांढरा_अॅप्रन यांनी सांगितलेल्या भेटी बेचाळिसाव्या दिवशी संपतात. म्हणजे माहेरी राहण्याच्या बाजूची सर्वांत भक्कम कारणे पहिल्या सहा आठवड्यांची आहेत; त्यांच्यावर तीन महिन्यांचा मुक्काम कसा उभा राहतो? सहाव्या आठवड्याची लस माहेरी टोचून घ्यावी, कार्ड पिशवीत टाकावे आणि दहाव्या व चौदाव्या आठवड्याची लस स्वतःच्या गावी द्यावी. रजाही वाचेल आणि बाबाचाही हात बसेल.

अळीव :
सहा आठवड्यांनी टाके भरतात, झोप भरत नाही. त्या वेळी बाळ रात्रभर जागे आणि दिवसभर झोपलेले असे असते, आणि तुम्ही म्हणता त्या घरात दिवसा मी एकटी. त्रिकोणी_लंगोट यांच्यासारखी १५ दिवसांची रजा माझ्या नवऱ्याला मिळाली असती तर मी दीड महिन्यात निघालेही असते. ती मिळणार नाही तोवर त्यांनी शुक्रवारी रात्रीच इकडे यावे, पाटावर न बसता बाळाच्या खोलीत झोपावे आणि दोन रात्री ढेकर काढावेत. माझ्या आईला मी तसे सांगितले आहे. तिला जावयाला उठवायचा संकोच वाटतो, तेवढी एकच अडचण आहे.