मदत हवी आहे : डिंग लिंग यांच्याबद्दल काय वाचू?

मंडळी, चिनी लेखिका डिंग लिंग (१९०४–१९८६) यांच्यावर लिहायला घेतलंय आणि एका ठिकाणी अडकलेय. त्यांचे पती, कवी हू येपिन यांना १९३१ साली शांघायमध्ये क्वोमिंतांगने (तेव्हाच्या सत्ताधारी राष्ट्रवादी पक्षाने) गोळ्या घातल्या. पुढच्याच वर्षी डिंग लिंग कम्युनिस्ट पक्षात. १९४२ला येनानमध्ये (कम्युनिस्टांच्या तेव्हाच्या मुख्य तळावर) महिला दिनाच्या लेखात त्यांनी चक्क आपल्याच पक्षातल्या पुरुषांना सुनावलं : बाईने लग्न केलं नाही तरी बोलणी, मुलं सांभाळत बसली तरी बोलणी. मग जाहीर माघार. पुढे सोव्हिएत रशियाचं स्टालिन पारितोषिक, १९५७ला ‘उजव्या’ (म्हणजे पक्षविरोधी) ठरल्या, ईशान्येच्या पडीक मुलखात रवानगी, वर तुरुंग. एवढं सोसून परतल्यावरही त्या पक्षाचीच बाजू घेत राहिल्या! निष्ठा म्हणायची की सावधपणा? यावर कुणी काही चांगलं वाचलंय का? मराठी-हिंदी असेल तर उत्तमच, इंग्रजीही चालेल. चरित्र हवंय, कथांची समीक्षा नको.